‘सेमाइटविरोध’ म्हणू नका, ज्यूद्वेष म्हणा

प्रश्न असा आला आहे: युरोपीय संसदेने हंगेरीतल्या ‘अँटिसेमिटिझम’ आणि ‘प्रेस फ्रीडम’बद्दल चिंता व्यक्त केली, हे मराठीत कसं लिहायचं? सेमाइटविरोध, ज्यूविरोध, ज्यूद्वेष यांतलं काय घ्यायचं? आणि मुद्रणस्वातंत्र्य की वृत्तपत्रस्वातंत्र्य?

ज्यूद्वेष. उत्तर संपलं, पण ‘सेमाइटविरोध’ का नको तेही सांगतो. हा शब्द छापला की पुढचं वाक्य ठरलेलं: “पण अरबसुद्धा सेमाइटच ना? मग ते सेमाइटविरोधी कसे?” आपण मोठा बिनतोड मुद्दा काढला, अशा थाटात हे विचारलं जातं. अहो, शब्द फोडून अर्थ हाती लागत असता तर प्रत्येक गवाक्षात गाईचा डोळा दिसला असता.

बायबलमधल्या नोहाचा मुलगा शेम. त्याच्यावरून श्लोत्सर या जर्मन पंडिताने 1781 साली हिब्रू, अरबी, अरामी वगैरे भाषांना ‘सेमिटिक’ म्हटलं. भाषांना. पुढच्या शतकात भाषाकुळाचा वंश करून टाकण्यात आला आणि रनांसारखे फ्रेंच विद्वान ‘सेमिटिक वंशा’त काय काय कमी आहे ते सांगू लागले. मोरित्स श्टाइनश्नायडर या ज्यू पंडिताने 1860 मध्ये रनांच्या या पूर्वग्रहांना ‘अँटिसेमिटिक’ म्हटलं, म्हणजे शब्द आला तो टीका म्हणून. 1879 मध्ये बर्लिनमध्ये विल्हेल्म मार या ज्यूद्वेष्ट्या पत्रकाराने तोच आपल्या संघटनेच्या पाटीवर मिरवला. जर्मनमध्ये ‘युडनहास’ हा सरळ शब्द होता, अगदी आपल्या ज्यूद्वेषासारखा. पण त्याला जुन्या धार्मिक वैराचा वास येई. नव्या शब्दाला शास्त्राचा येत होता. मारच्या डोक्यात अरब नव्हतेच. मग त्याने चढवलेला हा शास्त्रीय अंगरखा आपण मराठीत कशाला जपायचा?

हंगेरीत तर ही पाटी थेट संसदेत पोचली होती. ग्योझो इश्तोत्सी या खासदाराने 1883 मध्ये ‘राष्ट्रीय अँटिसेमाइट पक्ष’ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचे 17 जण निवडून आले. तिथे ‘सेमाइट’चा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

ज्यू की यहुदी, या वादात मला रस नाही. लॅटिन ‘युदेउस’चा द फ्रेंचमध्ये गळून इंग्रजीवाटे ज्यू आला, अरबी-फारसीतून यहुदी आला, आणि हंगेरियनमधला ‘झिदो’ही त्याच युदेउसचा. (कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत: धंदा तेलाचा, सुट्टी शनिवारची.)

खरी मजा ‘द्वेष’मध्ये आहे. कोशनिष्ठ मंडळी सांगतात, ‘अँटी’ म्हणजे विरोध, सबब ज्यूविरोध. उपसर्गाला प्रतिशब्द चिकटवण्यापलीकडे ही मंडळी कधी जाणार? विरोध हा ‘रुध्’पासून, म्हणजे अडवण्यापासून. तो कृतीला होतो, धोरणाला होतो. इस्रायल सरकारच्या धोरणाला विरोध करणारे खुद्द ज्यूंमध्येही आहेत. द्वेषाला समोरच्याने काही करावं लागत नाही. आणि ‘द्विष्’ धातूचे सगेसोयरे बघा: ग्रीक ‘देइदो’, म्हणजे ‘मला भीती वाटते’, लॅटिन ‘दीरुस’, म्हणजे भयंकर. तिकडे ज्या मुळापासून भीती निघाली, त्याच मुळापासून आपल्याकडे द्वेष! काही भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जाऊन हे मूळ ‘द्वि’ला, दोनाला भिडवतात: मन दुभंगलं की शंका, शंकेतून भीती. जर्मनमध्ये शंकेला ‘त्स्वायफेल’ म्हणतात, त्यातही ‘दोन’ आहेच. हे सगळ्यांना मान्य नाही, मला आहे. गवाक्षाचा दाखला माझ्यावर उलटवू नका. तिथे व्युत्पत्ती दिशाभूल करते, इथे डोळे उघडते.

पुरावा हवा? 2017 मध्ये हंगेरीच्या ओर्बान सरकारने देशभर जॉर्ज सोरोस या हंगेरीत जन्मलेल्या ज्यू अब्जाधीशाच्या हसऱ्या चेहऱ्याची पोस्टरं लावली: शेवटी हसण्याची संधी सोरोसना देऊ नका, अशा अर्थाची. ज्यू हा शब्द त्यावर कुठेच नव्हता. सरकार म्हणालं, आमचा विरोध स्थलांतराच्या धोरणाला आहे, ज्यूद्वेष आम्ही मुळीच खपवून घेत नाही. तरी हंगेरीतल्या ज्यू संस्थांच्या महासंघाने ती काढायला सांगितली. सूत्रं हलवणारा, हसणारा श्रीमंत ज्यू हे चित्र युरोपात फार जुनं आहे. नाव विरोधाचं आणि खेळ भीतीचा, म्हणून तर मी ‘ज्यूविरोध’ घेत नाही.

युरोपीय संसदेच्या ठरावाचंही सांगायला हवं. 12 सप्टेंबर 2018, संसदेच्या डच सदस्य युडिथ सार्गेंटिनी यांचा अहवाल. चिंतेच्या यादीत माध्यमं होती, आणि रोमा व ज्यू अल्पसंख्याकांचं द्वेषपूर्ण वक्तव्यांपासून संरक्षणही. बाजूने 448, विरोधात 197, तटस्थ 48. हवी होती टाकलेल्या मतांची दोन तृतीयांश. तटस्थ धरले तर ठराव पडतो, वगळले तर तरतो. हंगेरी युरोपीय न्यायालयात गेली आणि 2021 मध्ये हरली: तटस्थ राहणं म्हणजे मत टाकणं नव्हे. तटावर उभ्या असलेल्याला पोहणाऱ्यांत मोजत नाहीत, हे मराठी माणसाला न्यायालयाने सांगायला नको.

हां, मुद्रणस्वातंत्र्य. 15 मार्च 1848 रोजी पेश्तमध्ये (आजच्या बुडापेस्टचा भाग) जाहीर झालेल्या 12 मागण्यांतली पहिलीच सेन्सॉरशिप रद्द करून ‘शायतो’च्या स्वातंत्र्याची होती, आणि हंगेरियनमध्ये शायतो म्हणजे ‘प्रेस’ही आणि दाबयंत्रही. मागण्यांचा कागद सेन्सॉरला न विचारता छापखान्यातच काढला. तिथे मुद्रणस्वातंत्र्य चपखल. नेप्सबद्शाग हे दैनिक, ज्याच्या नावाचाच अर्थ ‘लोकांचं स्वातंत्र्य’, 2016 मध्ये एकाएकी बंद पडलं (मालक म्हणाले, तोट्यामुळे). तिथे वृत्तपत्रस्वातंत्र्य चालेल. पण 2021 मध्ये क्लुबरादिओचा परवाना वाढवून मिळाला नाही आणि ते हवेतून उतरलं. रेडिओला ना मुद्रण, ना पत्र. 2018 मध्ये तर चारशेहून अधिक माध्यमं सरकारच्या मर्जीतल्या एका प्रतिष्ठानाकडे गेली. त्यांत वाहिन्या, संकेतस्थळं, सगळं होतं. तेव्हा माध्यमस्वातंत्र्य लिहा.

आणि ‘मेंबर स्टेट’चं ‘सदस्य राज्य’ करू नका, हंगेरी काही विदर्भाशेजारी नाही. सदस्य देश.