वाचकांचे प्रश्न : स्टीव्ह जॉब्ज यांच्या श्रेयाचा हिशेब

गेल्या अंकातल्या लेखात ॲपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांना 'संगणकयुगाचे जनक' म्हटले होते. काही वाचकांना ते आवडले, काहींना मुळीच पटले नाही. आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

जॉब्ज यांनी ना सर्किट आखले, ना प्रोग्रॅम लिहिला, असे आमचे सर सांगतात. मग त्यांचे म्हणून नेमके काय उरते?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

तुमचे सर बऱ्याच अंशी बरोबर आहेत. ॲपल-१ आणि १९७७ चा ॲपल-२ या दोन्ही संगणकांचे सर्किट ॲपलचे दुसरे संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांचे. ॲपलच्याच मॅकिन्टॉश संगणकाचा प्रकल्प १९७९ मध्ये तिथले जेफ रॅस्किन यांनी सुरू केला. तीनशेहून अधिक अमेरिकी पेटंटांवर जॉब्ज यांचे नाव आहे, पण त्यांतली बरीचशी वस्तूच्या बाह्यरूपाची आहेत आणि बहुतेकांवर सोबत इतरांचीही नावे आहेत.

तरी 'काहीच उरत नाही' हेही खरे नाही. जॉब्ज अटी घालत आणि त्या सोडत नसत. ॲपल-२ च्या वेळी त्यांची अट होती : पंखा नको, आवाज होतो. तेव्हाचा नेहमीचा लिनियर पॉवर सप्लाय (यंत्राला वीज पुरवणारा भाग) जड ट्रान्सफॉर्मर वापरी आणि जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने घालवी. बंद प्लास्टिकच्या डब्यात पंख्याशिवाय त्याचा निभाव लागणे कठीण. म्हणून ॲपलचे अभियंते रॉड होल्ट यांनी स्विचिंग सप्लाय बनवला. तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो आणि उष्णता कमी वाया जाते. यंत्र हलके, शांत, घरातल्या टेबलावर ठेवण्याजोगे झाले. असे सप्लाय त्याआधीही होते, तेव्हा 'सगळ्यांनी आमची नक्कल केली' हा जॉब्ज यांचा पुढचा दावा टिकत नाही. घरगुती यंत्रात तो आणण्याचा आग्रह मात्र त्यांचाच होता.

हाच आग्रह १९८० च्या ॲपल-३ ला भोवला. पंखा नाही, हवेला झरोके नाहीत. उष्णता ॲल्युमिनियमच्या बैठकीतून बाहेर जाईल अशी योजना. त्यात बोर्डावर सुट्या भागांची दाटी. यंत्र तापले की चिपा सॉकेटमधून सैल होत. यंत्र काही इंच उचलून टेबलावर सोडा, म्हणजे चिपा पुन्हा बसतील, असा सल्ला ग्राहकांना दिला गेला! शेवटी पहिली सुमारे १४,००० यंत्रे बदलून द्यावी लागली. ॲपलचा २००० सालचा जी-४ क्यूब हा संगणकही बिनपंख्याचा होता आणि वर्षभरात त्याचे उत्पादन थांबले. तिथे मात्र उष्णतेपेक्षा १,७९९ डॉलर ही किंमत आडवी आली. ॲपल-२ ची शांतता ज्याने जॉब्ज यांच्या नावे जमा केली, त्याने ॲपल-३ ची नुकसानीही त्यांच्याच खात्यात मांडायला हवी. आमच्या लेखात ती राहून गेली होती.

५ ऑक्टोबर या त्यांच्या स्मृतिदिनी शाळेत फलक लावायचा आहे. मुलांनी लिहिले आहे : 'माउस, एमपीथ्री प्लेअर आणि स्मार्टफोनचा शोध जॉब्ज यांनी लावला.' यात काय दुरुस्त करू?
— शिक्षिका, कोल्हापूर

तिन्ही विधाने काढा. माउसची कल्पना अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांची. लाकडी नमुना १९६४ च्या सुमाराला त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी तयार केला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पडद्यावर खिडक्या आणि सोबत माउस असलेला झेरॉक्स कंपनीचा आल्टो संगणक १९७३ चा. ॲपलने काय केले, तर झेरॉक्सचा महागडा, नाजूक माउस पाहून स्वस्त, टिकाऊ, एका बटणाचा माउस बनवून घेतला. एमपीथ्री प्लेअर आयपॉडच्या तीन वर्षे आधी बाजारात होते. २००१ च्या आयपॉडमध्ये नवे होते ते तोशिबाच्या १.८ इंची डिस्कवर मावणारे ५ गिगाबाइट संगीत. आयबीएमचा सायमन हा टचस्क्रीनचा फोन १९९४ चा.

'शोध लावला' याऐवजी 'घरोघरी पोचवला' असे लिहायला मुलांना सांगा, आणि प्रत्येक वस्तूपुढे मूळ संशोधकाचे नाव व साल यांसाठी एक रकाना ठेवा. फलकाला थोडी जास्त जागा लागेल, पण ती नावे मुलांनी वाचलीच पाहिजेत.

जॉब्ज गेले त्याच आठवड्यात डेनिस रिची गेले. त्यांच्यासाठी कुणी मेणबत्त्या लावल्या नाहीत. हा अन्याय नाही का?
— वाचक, पुणे

आहे. जॉब्ज ५ ऑक्टोबर २०११ ला गेले. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणारे रिची १२ तारखेला न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. रिचींचे काम आजही तपासता येते. मॅकवर 'टर्मिनल' उघडा आणि 'युनेम' ही आज्ञा रोमन छोट्या अक्षरांत द्या. उत्तर येते 'डार्विन', म्हणजे मॅकच्या कार्यप्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) गाभा. डार्विनचा वंश असा : १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि रिची यांनी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली सुरू केली. १९७३ मध्ये तिचा गाभा रिचींच्या सी भाषेत पुन्हा लिहिला गेला, म्हणून ती एका यंत्राला बांधलेली राहिली नाही. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. युनिक्स विद्यापीठांना अल्प दरात, सोर्स कोडसकट (मूळ प्रोग्रॅमच्या मजकुरासकट) मिळाली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने ती वाढवली. १९८५ मध्ये ॲपल सोडल्यावर जॉब्ज यांनी काढलेल्या नेक्स्ट कंपनीने बर्कलीची युनिक्स घेतली, आणि नेक्स्ट विकत घेण्याचा निर्णय ॲपलने डिसेंबर १९९६ मध्ये केला. जॉब्ज यांचे पुनरागमनही सी भाषेच्या पायावर उभे आहे.

पण श्रेयासोबत दोषही मांडायचा, हा नियम रिचींनाही लावा. सी भाषा ॲरेची (माहितीसाठी स्मृतीत राखलेल्या सलग जागेची) हद्द तपासत नाही. स्मृती किलोबाइटांत मोजली जाई तेव्हा ही काटकसर रास्त होती. 'गेट्स' नावाचे फंक्शन (बिल गेट्स यांच्याशी संबंध नाही) येईल तेवढी ओळ आत घेई. नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्मने (इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या उपद्रवी प्रोग्रॅमने) ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून लांब मजकूर कोंबून यंत्रांत शिरकाव केला, तो याच फटीतून. सी भाषेच्या अधिकृत मानकातून ते फंक्शन काढले गेले २०११ मध्येच.

'मरणान्तानि वैराणि' असे रामानेही म्हटले. गेलेल्या माणसाचे दोष उगाळणे शोभते का?
— वाचक, मडगाव

घरगुती बाबतीत तुमचे म्हणणे मान्य. मुलीचे पितृत्व त्यांनी आधी नाकारले, नंतर स्वीकारले. त्याबद्दल बोलण्याचा पहिला हक्क त्या मुलीचा. पण ज्याची झळ इतरांच्या पगाराला लागली ते वेगळे. एकमेकांचे अभियंते फोडायचे नाहीत, असे करार ॲपल, गुगल, इंटेल, अडोबी यांच्यात होते. सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या दाव्यात २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. २००७ चे ईमेल त्या खटल्यात दाखल आहेत : जॉब्ज यांनी गुगलकडे तक्रार केली, भरती करणाऱ्या व्यक्तीला काढल्याचे कळले, आणि तो निरोप जॉब्ज यांनी हसऱ्या चिन्हासह आपल्या माणसाला पुढे धाडला. असा लेखी पुरावा मृत्युलेखात आलाच पाहिजे. स्वभावाचे ऐकीव किस्से, स्तुतीचे असोत की निंदेचे, आम्ही छापणार नाही.

शस्त्रक्रिया टाळून पथ्यपाण्यावर राहिल्यामुळे ते गेले, हे खरे का?
— वाचक, नागपूर

निदान ऑक्टोबर २००३ चे, शस्त्रक्रिया जुलै २००४ ची. मधले नऊ महिने आहार आणि पर्यायी उपचारांत गेले. गाठ स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगापेक्षा सावकाश वाढणाऱ्या प्रकारची होती, आणि अशी गाठ वेळेत काढणे हाच मुख्य उपचार. २००९ मध्ये यकृताचे प्रत्यारोपण झाले. गाठ नेमकी कधी पसरली हे बाहेरून सांगता येत नाही. त्यामुळे 'उशीर केला' एवढेच लिहा. 'उशिरामुळे गेले' असे लिहू नका.