वाचकांचे प्रश्न : चिलीचे २०१० हे वर्ष

प्रश्न : चिलीचे २०१० हे वर्ष म्हटले की ३३ खाणकामगारांची सुटका आठवते. त्या वर्षी तेथे आणखी काय घडले?

उत्तर : ती सुटका अविस्मरणीय होती यात शंका नाही, पण तिच्या झगमगाटात त्या वर्षाच्या बाकीच्या घटना झाकल्या गेल्या, याची मला खंत वाटते.

जानेवारीत सेबास्तियान पिन्येरा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि लष्करी राजवट संपल्यापासून सलग वीस वर्षे सत्तेत असलेली मध्यम-डावी आघाडी पायउतार झाली. मात्र त्यांनी सूत्रे हाती घेण्यापूर्वीच, २७ फेब्रुवारीच्या पहाटे, ८.८ तीव्रतेच्या भूकंपाने देश हादरला व पाचशेहून अधिक माणसे दगावली. १९६० च्या महाभूकंपानंतरच्या काळात बांधकामाचे नियम कडक होत गेल्यामुळे बहुसंख्य उंच इमारती तग धरून राहिल्या, हे चिलीचे मोठे यश होते. किनाऱ्यावर मात्र यंत्रणा सपशेल अपयशी ठरली : त्सुनामीचा धोका नाही असे अधिकाऱ्यांनीच सांगितले, आणि त्यानंतरही लाटा येऊन लोकांचे बळी घेत राहिल्या. ११ मार्चला वाल्पाराईसो येथे पिन्येरा यांच्या शपथविधीच्या वेळीही जोरदार धक्के बसत होते.

५ ऑगस्टला आताकामा वाळवंटातील सान होसे खाण कोसळली. सतरा दिवसांनी, छिद्र पाडणाऱ्या यंत्राला बांधलेल्या चिठ्ठीतून सर्व ३३ जण जिवंत असल्याचे कळले आणि १३ ऑक्टोबरला, ६९ दिवसांनंतर, त्यांतील शेवटचा कामगार वर आला. सुरुवातीलाच हे कामगार हवेच्या बोगद्यातून वर चढू पाहत होते. परंतु तेथे असायलाच हवी अशी शिडी कंपनीने बसवलेली नव्हती. शिडी असती, तर कदाचित जगाने या खाणीचे नावही ऐकले नसते.

१८ सप्टेंबरला देशाने स्वातंत्र्यलढ्याच्या प्रारंभाची द्विशताब्दी साजरी केली, तेव्हा ते कामगार जमिनीखालीच होते. त्याच सुमारास दहशतवादविरोधी कायद्याखाली खटले चालवले जात असलेले ‘मापुचे’ या आदिवासी जमातीचे कैदी उपोषण करत होते. हुकूमशाहीच्या काळातील हा कायदा जमिनीसाठी लढणाऱ्यांवर वापरला जाणे, ही माझ्या मते द्विशताब्दीच्या उत्सवातील सर्वांत बोचरी विसंगती होती.

८ डिसेंबरला सांतियागोतील सान मिगेल तुरुंगाला आग लागून ८१ कैदी मृत्युमुखी पडले. या तुरुंगात क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक कैदी कोंबलेले होते, आणि हे सरकारला आधीपासून ठाऊक होते.