सोन्याचं पाणी दिलेलं ब्रेसलेट काही महिन्यांतच काळं पडलं. दुकानदाराने फसवलं का? नवं घेताना काय बघू?

डब्यावर '२४ कॅरेट गोल्ड प्लेटेड' छापलं होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलो. हेच वाक्य माझे साडू कित्येक वर्षं माझ्या तोंडावर फेकतायत. प्लेटिंगच्या कामात आयुष्य माझं गेलं, पण वाद घालायला काम यावं लागतं थोडंच!

त्यांनी पितळेचं ब्रेसलेट घेतलं होतं. आधी हुकापाशी आणि कडांना पिवळेपणा गेला, मग मनगट हिरवं व्हायला लागलं. लगेच निकाल: सोनं खोटं, तुम्ही प्लेटिंगवाले सगळे चोर. मी बघितलं. सोनं खरं होतं, फक्त नावापुरतं. कॅरेट म्हणजे शुद्धता. थराची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात आणि तो आकडा डब्यावर नव्हता. ०.१७ मायक्रॉनचा थर दिला, तर दहा चौरस सेंटिमीटरवर चार मिलिग्रॅमसुद्धा सोनं बसत नाही. शिवाय शुद्ध सोनं मऊ. किंचित कोबाल्ट मिसळलेला थर घासण्याला जास्त टिकतो. हे ऐकून साडू म्हणाले, "म्हणजे भेसळ चांगली?" हो, चांगली. आजही म्हणतो.

हिरवेपणा पितळेतल्या तांब्याचा, घामाने येतो. थर झिजला नाही तरी तांबं हळूहळू सोन्यातून वर सरकतं, म्हणून नीट काम करणारा मध्ये निकेल किंवा पॅलेडियमचा थर देतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने. तिच्यावर ऱ्होडियम नावाचा धातू चढवतात ते त्यासाठीच. आणि साडूंनी ते ब्रेसलेट टूथपेस्टने घासलं होतं! टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, इतक्या पातळ थराचं काय होणार?

फसवणूक म्हणाल, तर छापलेलं खोटं नव्हतं, अर्धवट होतं. नवं घेताना मायक्रॉन विचारा. दुकानदार पुन्हा कॅरेटच सांगत बसला तर उठा. ९२५ (म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्ध) चांदीवर २.५ मायक्रॉन सोनं असेल तर घ्या; सोन्याचं पाणी दिलेल्या अशा चांदीला व्हर्मेल म्हणतात, आणि अमेरिकेत एवढा थर असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. पण तोही अंगठीवर आणि ब्रेसलेटवर झिजतोच, कानातलं खूप जास्त टिकतं. जुनं फेकू नका, थर काढून पुन्हा चढवता येतो. साडूंना हे फुकट करून देतो म्हणालो होतो, पण ब्रेसलेट हातात दिलं तर भांडायला पुरावा कुठला उरणार?

हो, एक राहिलंच. निकेलने अंगावर पुरळ येत असेल तर निकेलचा थर नको, पॅलेडियमचाच मागा.