पावसात अडणारा पाइप ऑर्गन: सुतार नको आणि एसीही नको

तुमच्या कपेलातल्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरातल्या, छोट्या ऑर्गनचा मधला एक स्वर पावसाळा लागल्यापासून पट्टी सोडली तरी वाजतच राहतो, पट्ट्या जड झाल्यात, सुतार त्या घासून द्यायला तयार आहे आणि एसीसाठी वर्गणी जमतेय, असं तुम्ही लिहिलंय. माझं कळकळीचं सांगणं आहे, दोन्ही कामं थांबवा.

दमट हवेत लाकूड आडवं फुगतं, तंतूंच्या रेषेच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणजे पट्टी लांब होत नाही, रुंद होते आणि शेजारच्या पट्टीला घासते. जुलैत आपल्याकडे आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. त्या दिवसांत घासलेली पट्टी जानेवारीत खुळखुळायला लागते, आणि काढलेलं लाकूड काही परत चिकटवता येत नाही.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. यांत्रिक ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की लाकडाची पातळ काडी चामडं लावलेली झडप ओढते आणि भात्यातली हवा त्या स्वराच्या कप्प्यात शिरते. कुठले पाइप वाजायचे हे स्टॉप, म्हणजे पट्ट्यांजवळची खुंटी, ठरवतो. तेव्हा स्वर अडलेला असताना एकेक स्टॉप उघडून-मिटून पाहा. जो उघडाल त्यात तोच स्वर वाजला, तर झडप नीट मिटत नाहीये. आता ती पट्टी बोटाने हलकेच वर उचला. आवाज थांबला तर पट्टी किंवा काडी अडकतेय. शेजारच्या फटीत कागद सरकवा, जिथे अडेल तिथेच घासतंय. आवाज थांबला नाही तर झडपेत कचरा असू शकतो. पट्टी चार-पाच वेळा झटक्यात दाबा, पुष्कळदा वाऱ्यानेच तो उडतो. काडीच्या टोकाला चामड्याचा नट असेल तर तो अर्धा फेरा सैल करूनही काम भागतं. मात्र आधी पेन्सिलीने खूण करा, कोरड्या दिवसांत तो परत आवळावा लागेल. खोबरेल किंवा स्प्रे आत अजिबात मारू नका. चामडं खराब होतं आणि धूळ चिकटते.

आता सुराचं. पाइपचा स्वर आतल्या हवेच्या तापमानावर ठरतो. हवा ५ अंशांनी तापली की ४४० हर्ट्झचा स्वर ४४४ च्या आसपास जातो. नुसत्या हाताच्या उबेनेही पाइप चढतो, म्हणून जाणकार सूर लावताना तो शक्यतो हातात धरत नाहीत. पेटीची पितळी पाती उन्हाळ्याने इतकी हलत नाहीत, त्यामुळे पेटीला सरावलेल्या कानाला ऑर्गन बेसूर वाटतो. पण सगळे पाइप एकदम चढले असतील तर ऑर्गन सुरातच आहे. व्हायोलिन त्याला लावून घ्यायचं, पाइपांना कुणी हात लावायचा नाही.

मिस्सेच्या प्रार्थनेपुरता तासभर लावलेला एसी तर फारच वाईट. दर रविवारी लाकूड सुकायचं आणि मग पुन्हा फुगायचं, यात ऑर्गनच्या लाकडी खोक्याला चिरा जातात. शिवाय ब्लोअर, म्हणजे ऑर्गनला वारा पुरवणारा पंखा, मागच्या खोलीतली गरम हवा ओढत असेल तर पाइप गारव्यात आणि आतला वारा गरम, असं होऊन वेगवेगळ्या स्टॉपचे पाइप एकमेकांशी जुळेनासे होतात. ब्लोअर कुठली हवा ओढतो, हे आजच बघून घ्या.

जमलेल्या वर्गणीतून साधा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या आणि ऑर्गनच्या आत टांगा. रोजची आर्द्रता, तापमान आणि अडलेली पट्टी वहीत लिहीत जा. ऑर्गन दुरुस्त करणारा माणूस येईल तेव्हा आधी ती वही त्याच्या हातात द्या.