‘स्नॅच’ ओटीटीवर बघून फारसं हसू आलं नाही, तरी डिस्क घ्यावी का? आणि यूकेहून आणलेली डिस्क आपल्याकडे चालते का?

तुम्ही लिहिलंय की ब्रिटिश दिग्दर्शक गाय रिचीचा ‘स्नॅच’ हा चोर-गुंडांचा विनोदी पिक्चर ओटीटीवर सबटायटल्स लावून बघितला, ब्रॅड पिटचं लोक एवढं कौतुक का करतात ते काही कळलं नाही, आणि आता लंडनचा मावसभाऊ दिवाळीला येतोय तर त्याला डिस्क आणायला सांगू का आणि सांगितली तर डीव्हीडी, ब्लू-रे की फोर-के.

माझ्या मते सगळा घोळ त्या सबटायटल्सचाच आहे. अहो ब्रॅड पिटचा मिकी, म्हणजे तो भटका बॉक्सर, काय बोलतो ते कुणालाच कळत नाही हाच तर तिथला विनोद आहे, आणि तुम्ही ते खाली छान स्वच्छ टायपात वाचत बसलात. समोर जादूगार रुमालातून कबूतर काढतोय आणि शेजारी बसलेला माणूस कानात सांगतोय की कबूतर डाव्या बाहीत आहे, मग कसलं हसू येणार.

यामागचा किस्सा असा सांगतात की रिचीचा पहिला पिक्चर ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ १९९८ ला आला (तोच हो, ज्याची बरीचशी गोष्ट आपल्या बाबूराव आपटेंच्या ‘फिर हेरा फेरी’त येऊन बसली), तेव्हा समीक्षकांची तक्रार होती की यातल्या लोकांचे उच्चारच कळत नाहीत. त्या पिक्चरमध्ये एका सीनला तर खुद्द दिग्दर्शकानेच सबटायटल्स दिली होती, पबमधला माणूस अस्सल कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनच्या, बोलीत एक किस्सा सांगतो आणि खाली साध्या इंग्रजीत त्याचा अर्थ येतो. मग २००० साली ‘स्नॅच’ करताना रिचीने उलटं टोक गाठलं, असं पात्र आणलं की ज्याचं बोलणं प्रेक्षकालाच काय, पडद्यावरच्या समोरच्या माणसालाही कळत नाही. आणि ते दिलं कुणाला तर ब्रॅड पिटला, जो तेव्हा नुकताच ‘फाइट क्लब’ करून आलेला आणि ‘लॉक, स्टॉक’ बघून स्वतःहून रिचीकडे काम मागायला गेलेला. एवढा मोठा स्टार घ्यायचा आणि त्याचं एक वाक्य धड कळू द्यायचं नाही, याला डेअरिंग लागतं.

आता माझा अनुभव सांगतो, जरा लांबेल.

मी २००९ मध्ये ऑनसाइट म्हणून रेडिंगला होतो. तिथे चॅरिटी शॉप नावाचा प्रकार असतो, लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकतात, त्यात डीव्हीडीचा एक रॅक असतोच आणि मला तिथे एका पाउंडाला तीन मिळायच्या. दर शनिवारी तिथे जाऊन बोटं काळी होईपर्यंत चाळायचो. ‘स्नॅच’ची दोन डिस्कवाली डीव्हीडी तिथेच मिळाली, डब्यावर ब्रिटिश सेन्सॉरचा लाल गोल १८ चा शिक्का आणि आत आधीच्या मालकाचं कॉफीचं बिल. परत येताना बॅगेत अशा चाळीसेक डीव्हीडी भरल्या, आईने सांगितलेली चॉकलेटं राहिली ती वेगळीच गोष्ट.

घरी आलो, पहिल्याच संध्याकाळी हॉलमधल्या प्लेअरमध्ये घातली आणि स्क्रीनवर ‘चुकीचा रीजन’. दुसरी घातली, तेच. बाबा म्हणाले, एवढ्या लांबून आणल्या आणि लागत नाहीत? कंपन्या जगाचे विभाग, म्हणजे रीजन, पाडतात आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालू देत नाहीत; ब्रिटनची डीव्हीडी रीजन २ असते आणि आपण रीजन ५ मध्ये येतो, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि चाळीस डबे समोर घेऊन बसणं यात फरक आहे. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. शेवटी नेटवर शोधून रिमोटचा एक छुपा कोड मिळाला, ट्रे उघडा ठेवून ठरावीक आकडे दाबायचे की लपलेला मेनू येतो आणि तिथे रीजन शून्य करायचा, म्हणजे कुठल्याही रीजनची डिस्क चालते. स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअर्सना अशी काहीतरी चोरवाट असायची, महागड्यांना नसायची. आमचा स्वस्तातलाच होता, देवाची कृपा.

तर मग ‘स्नॅच’ लावला. बाबा एसटीत कंडक्टर होते, इंग्रजी बेताचंच, म्हणून मी मुद्दाम इंग्रजी सबटायटल्स चालू केली की वाचून थोडंफार कळेल. अर्धा तास बाबा नुसते गप्प. अँटवर्पची हिऱ्याची चोरी झाली, बेनिसिओ देल तोरो ८६ कॅरेटचा हिरा घेऊन लंडनला आला, बाबांनी शेंगा सोलल्या. मग तो कॅरॅव्हॅनचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, सीन आला. टॉमी आणि त्याचा तो आडदांड बॉक्सर मिकीकडे कॅरॅव्हॅन घ्यायला जातात, आणि मिकी कुत्रे आवडतात का असं विचारतो तेव्हा ‘डॉग्ज’चं ‘डॅग्ज’ होतं आणि टॉमीच्या डोक्यावरून जातं. नेमकं तिथे मी रिमोट शोधताना चुकून सबटायटल्सचं बटण दाबलं आणि खालच्या ओळी गेल्या. बाबा हसायला लागले. टॉमीच्या चेहऱ्याकडे बघून हसत होते. (तो टॉमी म्हणजे स्टीफन ग्रॅहम बरं का, ‘अ‍ॅडोलसन्स’ मालिकेतला बाप, ओळखूच येत नाही.) मी ओळी परत लावायला गेलो तर म्हणाले, राहू दे, आता सगळे सारखेच झालो.

नंतर कॅरॅव्हॅन ओढून न्यायला लागतात आणि तिचं चाक निखळतं, पैसे परत मागितले तर मिकी सरळ मारामारीची भाषा करतो. बाबा म्हणाले, हा माणूस मुद्दाम असा बोलतोय, व्यवहाराच्या वेळी बोलणं असं गुळगुळीत होतं आणि शिव्यांच्या वेळी बघ, एकेक शब्द सुटा येतोय. मी तो पिक्चर तोवर चार वेळा बघितलेला आणि ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. पुढे टर्किश (टॉमीचा भागीदार, चोरून बॉक्सिंगच्या लढती लावणारा) आणि टॉमी मिकीकडे लढत मागायला जातात, मिकी आईसाठी नवी कॅरॅव्हॅन हवी म्हणून रंग, पडदे, काय काय हवं त्याची यादी एका दमात ओकतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात की यातला एक शब्द तरी कळला का. बाबांनी कोल्हापूर डेपोत तीसेक वर्षं असली गिऱ्हाइकं झेललेली, सुट्टे पैसे मागितले की ज्यांची भाषाच बदलते.

तर मूळ मुद्दा असा की ओटीटीवर तुम्हाला दोनच पर्याय, सगळी सबटायटल्स किंवा काहीच नाही. सगळी लावली तर मिकी मेला, बंद केली तर आपल्यासारख्यांना ब्रिक टॉप या गुंडाचं आणि बाकी लंडनवाल्यांचं निम्मं बोलणं निसटतं. आणि या अडचणीवर त्या जुन्या २००१ च्या स्पेशल डीव्हीडीवाल्यांनी भन्नाट उपाय काढला होता: सबटायटलच्या मेनूत एक वेगळा ट्रॅक, जो चालू केला की फक्त आणि फक्त मिकी बोलतो तेव्हाच खाली ओळी येतात, बाकी वेळ स्क्रीन कोरी. त्याला त्यांनी ‘पायकी ट्रॅक’ असं नाव दिलंय. पायकी हा तिकडच्या भटक्या ट्रॅव्हलर समाजासाठी वापरला जाणारा हिणकस शब्द आहे, पिक्चरभर तो उधळलाय आणि मेनूतही बिनधास्त छापलाय, आज कुणी असं नाव देणार नाही. पण कल्पना म्हणून झकास. पहिल्यांदा काही न लावता बघायचा, दुसऱ्यांदा हा ट्रॅक लावून, आणि मग कळतं की मिकी खरंच नीट वाक्यं बोलत होता.

त्याच डीव्हीडीवर अजून एक गंमत होती, पिक्चर चालू असताना मध्येच कोपऱ्यात हिरा चमकायचा, तेव्हा रिमोटचं बटण दाबलं की त्या जागी कापलेला सीन दिसायचा. शिवाय रिची आणि निर्माता मॅथ्यू वॉन यांची कॉमेंट्री. नंतर एक महागडी आवृत्तीही आली होती, सोबत पत्त्यांचा कॅट वगैरे, ती हौशी लोकांसाठी, तिच्या मागे लागू नका.

आता डीव्हीडीची एक खोड. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो आणि ब्रिटनची डीव्हीडी पॅल या तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीची, म्हणजे २५ ची, मग ती सरळ तेवढी पळवायचे. म्हणजे १०२ मिनिटांचा पिक्चर ९८ मध्ये संपतो आणि सगळ्यांचे आवाज थोडे बारीक होतात. म्हणजे आधीच पिट तोफखान्यासारखा सुटलेला, त्यात चार टक्के अजून वेग! रेडिंगवाली डीव्हीडी मी वर्षानुवर्षं बघितली आणि मग ब्लू-रेवर बघितला तेव्हा टर्किशचा, म्हणजे जेसन स्टेथमचा, आवाज एकदम खर्जात गेल्यासारखा वाटला. ब्लू-रे २४ नेच चालते.

रीजनचं म्हणाल तर ब्लू-रेलाही ते झंझट आहे, ब्रिटन बी मध्ये आणि आपण सी मध्ये, पण बऱ्याच कंपन्या ब्लू-रेला कुलूप लावतच नाहीत, डब्याच्या मागे ए, बी, सी तिन्ही असतील तर डोळे मिटून घ्या. फोर-केला रीजनच नसतो, जगात कुठलीही कुठेही चालते. ‘स्नॅच’ची फोर-के २०२१ ला आलीय. फक्त तिला फोर-केचा प्लेअर लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती ढिम्म हलत नाही. पीएस ५ असेल तर डिस्कवाला हवा, पीएस ४ वर, अगदी प्रो असला तरी, चालत नाही, यात खूप लोक फसतात. आणि फोर-केच्या डब्यात सोबत साधी ब्लू-रे असेल तर तिचा रीजन वेगळा तपासायचा.

फोर-केने या पिक्चरमध्ये किती फरक पडतो म्हणाल तर, हा काही हिरवीगार दऱ्याखोरी दाखवणारा पिक्चर नाही, सगळं चिखलाचं, तपकिरी, पबमधल्या पिवळ्या दिव्यातलं. कॅरॅव्हॅनच्या तळावरचा चिखल आणि शेवटच्या लढतीतला पिटच्या अंगावरचा घाम मात्र चांगल्या डिस्कवर वेगळाच दिसतो. ५५ इंचाच्या खालचा टीव्ही असेल तर ब्लू-रे पुरे, मी स्वतः ब्लू-रेवरच थांबलोय.

आणि हो, इथलीच जुनी डिस्क शोधत बसायचं असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडे घरी बघायच्या डिस्कलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. दर चौथा शब्द शिवी असलेल्या पिक्चरचं काय होऊ शकतं याचा अंदाज तुम्हीच करा. त्यापेक्षा तिकडचीच बरी.

तर मावसभावाला एवढंच सांगा की डबा उचलायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो काढून पाठव. त्यात दोन गोष्टी बघा, रीजनचं चिन्ह आणि सबटायटलच्या यादीत तो मिकीवाला ट्रॅक आहे का. तो ट्रॅक फक्त जुन्या डीव्हीडीवर सापडला आणि ती एखाद्या चॅरिटी शॉपमध्ये चिल्लरमध्ये मिळत असेल तर तीही घेऊन ठेवा, रिमोटचा कोड मी शोधून देतो, कमेंटमध्ये प्लेअरचं मॉडेल टाका.