रोमहून एका दिवसात पाहून परत येता येईल असं डोंगरावरचं जुनं इटालियन गाव कोणतं?

माझं मत ऑर्व्हिएतोला. रोमा तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनवरून साधी रेजिओनाले (प्रादेशिक) ट्रेन पकडा, साधारण सव्वा ते दीड तासात पोचता. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढावरची छोटी रेल्वे) थेट वर कड्यावर नेते, त्यामुळे आई-बाबा सोबत असले तरी चढणीची काळजी नाही.

वर उतरलात की शेजारीच पोझ्झो दी सान पात्रिझिओ ही विहीर. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ही खोदायला लावली. खोली सुमारे ५३ मीटर, पायऱ्या २४८. गंमत म्हणजे जिने दोन, एकमेकांभोवती वळसे घेणारे: खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, समोरासमोर गाठच नाही. भिंतीतल्या खिडक्यांतून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात. गुडघे दुखत असतील तर मात्र वरूनच डोकवा.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल (काम सुरू १२९०) बाहेरून बघून परत फिरू नका, आत सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत. उन्हाळ्यात टोपी हवीच.