स्ट्रॉबेरी नाकानं निवडा

प्रश्न : ताई, लालचुटुक, टपोऱ्या बघून आणलेल्या स्ट्रॉबेरी घरी आल्यावर पाणचट निघतात. दोन दिवस बाहेर ठेवल्या तर गोड होतील का? आणि आणल्या आणल्या स्वच्छ धुऊन फ्रिजमध्ये ठेवते, तरी बुरशी धरतेच.

उत्तर : गोड होणार नाहीत. केळं तोडल्यावरही पिकतं, स्ट्रॉबेरी नाही. झाडावरून उतरली तेव्हा जेवढी गोडी होती तेवढीच. ठेवून रंग जरा गडद होईल, अंग मऊ पडेल, बस्स. म्हणून सगळी मदार निवडण्यावर.

टपोरेपणाला मी तरी भुलत नाही. मोठं फळ कापलं की पुष्कळदा मधे पोकळी दिसते. बडा घर पोकळ वासा! आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दोन अमेरिकी जातींच्या संकरातून आली. त्यातली मोठ्या फळाची जात फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं 1714 मध्ये चिलीहून नेली होती. दुसरी, उत्तर अमेरिकेतली, लहान पण चवीची. आकार एकीचा, चव दुसरीची असा हा संसार. बाजारात आपल्याला बहुतेकदा आकारच दाखवला जातो.

डबा नाकाशी धरा. हातभर अंतरावरूनही गोड वास आला तर डोळे मिटून घ्या. नाक खुपसूनही वास येत नसेल, तर रंग कितीही लाल असो, परत ठेवा. (डबा गारठलेला असेल तर वास दबतो, तेवढी सूट द्या.) मग देठाकडे बघा. टोपी हिरवीगार, ताठ हवी. तिच्या खाली फळाचा खांदा पांढरा राहिला असेल तर बहुधा घाईनं तोडलंय. शेवटी डबा उलटा करून तळ बघा. वरची रांग नेहमीच देखणी असते. खाली लाल ओल दिसली की समजा, चेपलेलं फळ दडलंय.

आता बुरशी. ती तुमच्या धुण्यानंच फोफावते. स्ट्रॉबेरीला साल अशी नसतेच, आणि शंभरातले नव्वद भाग पाणी. ओल राहिली की संपलं. घरी आल्यावर चेपलेली, डागाळलेली तेवढी बाजूला काढा, उरलेली न धुता कागदावर एकेरी पसरून फ्रिजमध्ये ठेवा. खायच्या वेळी धुवा, तेही टोपीसकट. आधी टोपी काढली तर आत पाणी शिरतं. आणि अर्धा तास आधी बाहेर काढा. गार फळ निम्मी चव लपवतं.

प्रश्न : मुलगा स्ट्रॉबेरीवरच्या बिया नखानं कोरून काढत बसतो. पोटात गेल्या तर चालतात का?

उत्तर : खुशाल जाऊ द्या. खरं तर ते एकेक दाणे म्हणजेच तिची फळं. आपण खातो तो लाल गर हा फुलाचा फुगलेला तळ. एका स्ट्रॉबेरीवर असे दोनेकशे दाणे असतात, त्यामुळे चिरंजीवांना सुट्टी पुरायची नाही. खाऊन ओठ सुजले किंवा अंगाला खाज सुटली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पाणचट निघालेल्यांचं करायचं काय?

उत्तर : चकत्या करा, चमचाभर साखर, थोडं लिंबू, वर चिमूटभर मिरपूड. साखर आतला रस ओढून घेते, अर्ध्या तासात वाटीत लाल पाक जमतो. तो दह्यावर ओता. मिरपुडीला नाक मुरडू नका, एकदा घालून बघा.